आधी नटात, मग चकात

हे मी बायकोलाही कधी सांगितलेलं नाही. तुम्हाला का सांगतोय? तुम्ही गेनूमामांना ओळखत नाही, म्हणून असेल.

धायरीतल्या एका लहानशा वर्कशॉपमध्ये मामा आणि मी, दोघंही टर्नर, लेथवर लोखंड कातणारे. आयटीआयचा कागद माझ्याकडे होता, पण लेथ मला शिकवला तो मामांनी. हत्याराला धार कशी लावायची, कट बरोबर चाललाय हे नुसत्या आवाजावरून कसं ओळखायचं — सगळं त्यांचंच. मग देश खुला झाला, परदेशी गाड्यांच्या सुट्या भागांची कामं येऊ लागली, आणि मालकांनी बाहेरून एक जुना लेथ आणला. त्यावर कातायचा तुकडा पकडायला कॉलेट चक होता. आम्ही दोघांनीही तो जन्मात पाहिला नव्हता. सोबत माहितीचं पुस्तक होतं, पण जर्मनमध्ये, म्हणजे नसल्यात जमा.

दिसायला सोपं. कॉलेट म्हणजे चिरा पाडलेली आखूड पोलादी नळी. ती चकात बसते, वरून नट आवळला की आकसते आणि जॉब, म्हणजे कातायचा तुकडा, घट्ट धरते. कोणीही काय करेल? कॉलेट चकात टाकेल, वर नट फिरवेल. आम्ही तेच केलं. जॉब केसभर हलायचा. केसभरच — पण तेवढ्यावर माल परत यायचा. आणि मालकांनी स्पष्ट सांगून टाकलं होतं, मशीन एक, माणूस एक. महिन्याभरात ज्याला जमेल तो राहील.

मामा सकाळी, मी दुपारी. तिसऱ्या का चौथ्या दिवशी नट पुसताना मी कॉलेट सहज त्यात तिरका घातला, तर टक् करून बसला. नटाच्या आत एक कडा होती, तिनं त्याला धरलं. आधी नटात, मग चकात — बस, एवढंच होतं. जॉब लावून पाहिला, त्याची हालचाल दाखवणाऱ्या डायलचा काटा जागचा हलला नाही. केवढा आनंद झाला होता मला! पण मामांना सांगावं, हे मनात आलं त्याच्या आधी नोकरी मनात आली.

त्या दिवसापासून — कसं सांगू — घरी निघताना मी कॉलेट नटातून काढायचो, दोन्ही स्वच्छ पुसायचो आणि पेटीत वेगवेगळ्या खणांत ठेवायचो. रोज. मुद्दाम. महिनाभर.

मामांनी एकदाच विचारलं, "तू कसं लावतोस रं?"

मी म्हणालो, "तुम्ही लावता तसंच, मामा."

त्यांनी माझ्यावर संशय घेतला नाही. स्वतःच्या हातावर घेतला. माझं मूल लहान होतं, असं म्हणता येईल. त्यांच्या दोन मुली लग्नाच्या होत्या. शेवटच्या दिवशी त्यांनी आपला मायक्रोमीटर माझ्यापुढे धरला. "माझा हात गेला रं. तुझा हाय. ठेव तुझ्याकडं." आणि मी तो घेतला. घेतला हो!

मामांनी पुन्हा लेथला हात लावला नाही. काही वर्षांनी वर्कशॉपच बंद पडलं, तिथे आज सोसायटी उभी आहे. त्यानंतर कात्रजच्या स्टॉपवर मामा भेटले. आता सांगायला काय हरकत होती? कुठली नोकरी जाणार होती माझी? आम्ही टपरीवर चहा घेतला. मामांनी बशी काठोकाठ भरली आणि म्हणाले, "हात कापतो रं, तवापासनं."

बशी ओठांपर्यंत गेली. एक थेंब सांडला नाही. मी पाहत होतो.

म्हणालो, "वय झालं की होतंच तसं, मामा."

त्यांनी मान डोलावली. पुढच्या दिवाळीच्या आत ते गेले. मायक्रोमीटर माझ्याकडे आहे.