न विचारता उडणारी ग्राझिना

बावीस वर्षं विमान उडवलेली बाई नेब्रास्कातल्या एका धावपट्टीच्या तोंडाशी अकरा मिनिटं ताटकळत उभी राहिली, आणि दोष सगळा तिचाच होता.

ग्राझिना व्रोन्स्का मूळची पोलंडची. तिकडे मालवाहू विमानाची कॅप्टन होती. मक्याची शेती करणाऱ्या डेलच्या प्रेमात पडली आणि इकडे अमेरिकेत आली. युरोपातल्या परवान्यावर इथे विमान चालवून पोट भरता येत नाही. उड्डाणाचे तास हिशेबात धरतात, पण लेखी, तोंडी आणि उड्डाण, तिन्ही परीक्षा नव्याने. सहा वर्षं ती गावात नुसती 'डेलची बायको' होती, आणि हे तिला मनातून खुपायचं. आता तेलाच्या पाइपलाइनवरून उडत गळती शोधायचं काम चालून आलं होतं. मालकाने बजावलं होतं, ''शुक्रवारपर्यंत जागा धरतो. नंतर मला विचारू नका.''

तर त्या पहिल्या दिवशी ती रेडिओवर पुन्हा पुन्हा उड्डाणाची परवानगी मागत होती. शेजारी बसलेली पंचविशीची उड्डाण-शिक्षिका टॅमी गालातल्या गालात हसत गप्प. शेवटी पिकावर औषध मारणारा कुणी वैमानिक आकाशातून रेडिओवर बोलला, ''बाई, कुणाला विचारताय? मला विचारत असाल, तर जा बापडे!''

''अहो, इथे परवानगी देणारा टॉवरच नाही,'' टॅमी म्हणाली. ''आपण काय करतोय ते सांगायचं आणि निघायचं.''

''आणि समोरून कुणी आलं तर?''

''तोही सांगतोच की!''

''हे विमानतळ आहे की आठवडी बाजार?'' ग्राझिना करवादली. पण उडाली.

बोलायची सवय लागली, विचारायची मोडेना. ''वळू का?'', ''उतरू का?'' टॅमीने कपाळाला हात लावला. त्यात इंजिनाचा जोर पूर्ण काढून, नुसतं तरंगत येऊन नेमक्या पांढऱ्या रेघेशी टेकायचं, हा इथला हट्ट. मोठी विमानं लीलया उतरवणारी ग्राझिना कधी रेघेच्या अलीकडे, कधी पार पलीकडे. घरी येऊन डेलवर डाफरायची. तो बिचारा मुकाट जेवायचा.

लेखी परीक्षा तेवढी आधीच पार पडली होती; उरलेल्या दोन घ्यायला शुक्रवारी परीक्षक मर्ल आला. चौऱ्याहत्तर वर्षांचा, मिशीत सफरचंदाच्या पेस्ट्रीचे कण. दोन तास प्रश्न विचारून त्याने तिला पिळून काढलं, मग दोघं उडाले. धावपट्टीला समांतर येताच त्याने इंजिनाचा जोर काढला. ''त्या रेघेवर.''

विमान असं सुरेख उतरत होतं की ग्राझिनाला स्वतःचाच हेवा वाटला. एवढ्यात गवत कापणारा ट्रॅक्टर डुलतडुलत पट्टीवर चढला. मर्ल ढिम्म. 'वर जाऊ का?' हे शब्द तिच्या ओठांवर आले होते. ते तिने गिळले, जोर पुढे ढकलला आणि रेडिओवर ठणकावलं, ''पट्टीवर ट्रॅक्टर आहे. मी वर जातेय!''

''रेघ गेली की हो,'' मर्ल म्हणाला.

''जाऊ दे. खाली माणूस आहे.''

ट्रॅक्टरवाला ओशाळून बाजूला झाला. दुसऱ्या फेरीत चाकं रेघेच्या जेमतेम पुढे टेकली. इंजिन बंद झालं.

''मला न विचारता वर गेलात,'' मर्ल म्हणाला.

''राग आला?''

''विचारत बसला असतात, तर नापास केलं असतं. चला, कागद छापू.''

छापलेला तात्पुरता परवाना म्हणजे साधा कागद, पण ग्राझिनाने तो दोन्ही हातांनी धरला. आधी पाइपलाइनच्या मालकाला कळवलं, मग डेलला फोन लावला. तो धान्याच्या कोठारावर चार शेतकऱ्यांत उभा होता.

''डेल, सोमवारपासून दुपारचं जेवण तुझं तू बघ.''

पलीकडे डेल फोन कानाला तसाच ठेवून ओरडला, ''अरे ऐका! मी वैमानिकबाईंचा नवरा!''

कोठारावरची चार माणसं आरोळ्या ठोकू लागली, आणि इकडे ग्राझिना निकालासाठी थांबलेल्या टॅमीच्या खांद्यावर डोकं टेकून हमसाहमशी रडली.