लर्लीन स्ट्रूपची चिमूटभर चूक

आमच्या बेकर्स फोर्कमध्ये दाराला धक्का लागला तर माणूस दाराची माफी मागतो. लर्लीन स्ट्रूप त्याच्याही पुढची. चर्चमध्ये तिसऱ्याच बाकावर कुणी शिंकलं तरी ही म्हणणार, "माफ करा हं." गावाला तिचं कोण कौतुक! माझं मात्र डोकं उठायचं, कारण गावात गाड्यांचे विमे मी विकतो आणि नॉर्थ कॅरोलायनाचा कायदा मला ठाऊक आहे.

दुसऱ्याने तुमची गाडी ठोकली आणि त्यात तुमची चिमूटभर चूक निघाली, तरी त्याच्या विमा कंपनीकडून तुम्हाला फुटकी कवडी मिळत नाही. नव्व्याण्णव टक्के तो चुकलेला असला तरी तुम्ही कोरडेच. डोंगरापलीकडच्या टेनेसीत निदान चुकीची वाटणी होते. शिवाय सरकार सक्तीने घ्यायला लावतं तो विमा दुसऱ्याचं नुकसान भरतो, आपलं नाही. लर्लीनकडे तेवढाच होता.

चौरस्त्यावर चारी बाजूंना थांबायच्या पाट्या आहेत. लर्लीन थांबली, सगळ्यांना हात करून पुढे जाऊ दिलं, रस्ता मोकळा झाल्यावर निघाली. आडव्या रस्त्याने ट्रक घेऊन आलेला म्हातारा वेंडेल हॉइल थांबलाच नाही. तो मांडीवर पडलेली लोणच्यातल्या काकडीची फोड शोधत होता. त्याच्या ट्रकने लर्लीनची गाडी पार भंगारात काढली.

गाडी गेली म्हणजे ओपल उपाशी. ओपल ही तिची थोरली बहीण, डोंगराच्या अंगाला वृद्धाश्रमात असते. अर्धांगाचा झटका आल्यापासून ती लर्लीनच्या हातचा घास सोडून कुणाचा घेत नाही. शेजारी आळीपाळीने लर्लीनला तिथे गाडीने सोडायचे, पण वाटभर ही इतकी माफी मागायची की लोक टाळायला लागले. तिकडे ओपलच्या मनगटाची हाडं दिसू लागली.

वेंडेलच्या विमा कंपनीचा तपासनीस प्रुइट येणार म्हटल्यावर मी तिची तालीम घेतली.

"मिस लर्लीन, एकच करायचं. माफी मागायची नाही."

"बरं बाळा. चुकलंच माझं."

"हेच! हेच नाही म्हणायचं!"

"अगं बाई! माफ कर."

मी कपाळावर हात मारला.

प्रुइट लर्लीनच्या घरी आला तो थेट केकवर घसरला. अपघातानंतर दुसऱ्याच दिवशी लर्लीनने वेंडेलला केक नेऊन दिला होता.

"मॅडम, चूक त्यांची, मग केक तुम्ही कसा दिलात? मनात काहीतरी डाचत असणार."

"त्याच्या कपाळाला टेंगूळ आलं होतं हो!"

"म्हणजे टेंगळाची जबाबदारी तुम्ही घेता?"

"अहो साहेब," मी भडकलो, "इथे मांजर आजारी पडलं तरी केक जातो! तुम्ही आल्यापासून दोनदा खोकलात. बघा आता."

खरंच दार वाजलं. शेजारीण प्रुइटसाठी केक घेऊन उभी होती. त्याने तो घेतला, पण कोड्यात पडल्यासारखा.

जबानीसाठी बोलावलेला वेंडेल कोपऱ्यात टोपी चुरगाळत बसला होता. तो म्हणाला, "साहेब, मी थांबलोच नाही. झालं समाधान?"

प्रुइट लर्लीनकडे वळला. "आणि तुमची चूक? थोडीशी तरी?"

तिने वेंडेलकडे पाहिलं. म्हातारा शरमेने पार एवढासा झाला होता. तिचे ओठ हलले. ती त्याचा भार हलका करायला निघाली होती, आणि त्या एका शब्दात ओपलचं जेवण बुडणार होतं.

वेंडेल उठून उभा राहिला.

"मिस लर्लीन, बोलू नका. जमीन भावाने घेतली, ट्रक बँकेचा आहे, दातसुद्धा माझे नाहीत. ही एक चूक तेवढी पुरती माझी आहे. तिच्यात वाटा मागू नका."

लर्लीनने टेबलाची कड घट्ट धरली.

"नाही," ती म्हणाली. "माझी काही चूक नव्हती."

एवढं बोलून ती हमसून हमसून रडायला लागली. वेंडेलने खिशातला रुमाल काढून तिच्यापुढे धरला. तिने तो घेतला, आणि जन्मात पहिल्यांदा कुणाचीही माफी न मागता नाक शिंकरलं.