पुर्शांव कुणाच्या चालीनं चालतो

आमच्या वाडीत मिरवणुकीला पुर्शांव म्हणतात. मालवणकडच्या आम्हां किरिस्तांवांचा शब्द. मूळ पोर्तुगीज, प्रोसिसांव. गोव्याहून आमच्या माणसांबरोबर इकडे आला आणि आमच्या तोंडात बसून पुर्शांव झाला. माझं शिक्षण बेताचं, पण हे वडिलांकडून ऐकलेलं. त्याच्याही मागे लॅटिन, अर्थ पुढे चालणं. चालणं, हो! पळणं नव्हे. यंदा हे मला ओरडून सांगावं लागलं.

फेस्त हा आमच्या इगर्जीचा, म्हणजे चर्चचा, वार्षिक सण. त्या संध्याकाळी सायबीण, म्हणजे आमची मरियामाता, इगर्जीतून निघते, दर्यापर्यंत जाते, होड्यांवर तीर्थ शिंपडतात आणि परत येते. सर्वांत पुढे खुरूस, आमचा क्रूस. खुरसाच्या मागे वाडीतली सर्वांत म्हातारी बाई. का? तर तिची चाल ती सगळ्यांची चाल. ती दम खायला थांबली की खांद्यावरची सायबीण थांबते, पाद्री थांबतात, बाजासुद्धा थांबतो. लहानपणी मला या थांबण्याचा कंटाळा यायचा; आईच्या एका चिमट्यानं तो जायचा.

यंदा ती जागा माझ्या थोरल्या जावेची. तिचा नवरा मासेमारीला गेला तो आलाच नाही. थडगं नाही, मग फुलं ठेवायची कुठे? फेस्ताला ती पाण्यात सोडते. म्हणून गुडघे कितीही कुरकुरले तरी तिला पुर्शांवाबरोबर पाण्यापर्यंत जायचं असतं.

कमिटी आता पोरांची, आणि पुढारी माझ्या धाकट्या दिराचा मुलगा. त्यानं टेम्पो सजवला, त्यावर भोंगे, वर आकाशात ड्रोन. टेम्पोत प्लास्टिकची खुर्ची.

"काकी, थोरल्या काकयेक हंयसर बसव. तिच्यासाठी थांबलंव तर काळोख पडतलो, व्हिडिओत काय दिसाचा नाय."

"आणि पुर्शांव कोणाच्या चालीन चलतलो रे?"

"अगो, शब्दाचो अर्थच पुढे जाणा. मोबाईलवर बघलंय मी."

"मोबाईलान जल्म दिल्यान तुका?"

जावेनं खुर्चीकडे पाहिलंसुद्धा नाही. खुरसामागे उभी राहिली. पण भोंगे सुरू झाले, टेम्पो निघाला, खुरूस त्याच्यामागे खेचला गेला, आणि बायका, पुरुष, सायबीण, सगळी आमच्या बाजूनं पुढे गेली. "येवा सावकाश," असंही म्हणत गेली! शेवटी फादर. त्यांनी मान खाली घातली आणि तेही गेले. त्यांचाही मला राग आहे, लिहूनच ठेवते. रस्त्यात आम्ही दोघी, आणि मागून स्कूटरचे हॉर्न.

दर्या दिसायला लागला तेव्हा सगळे परत येत होते. पुतण्या म्हणाला, "काकी, झाला आता. हंयसूनच फिरा."

जाऊ म्हणाली, "तुझा झाला असात. माझो घोव थंय आसा."

आणि सरळ गर्दीतून चालत गेली. लोकांनी वाट दिली. आमच्याबरोबर वळलं मात्र कुणी नाही. तिनं फुलं सोडली, जपमाळेचा तेर्स म्हटला, उत्तरं मी एकटीनं दिली. रागानं माझा आवाज फाटत होता.

"हळू गो," ती म्हणाली, "तो बहिरो नाय."

दुसऱ्या दिवशी पुतण्या फेस्ताचं गोड घेऊन आला, मोबाईल पुढे करत. 'भव्य मिरवणूक' असं व्हिडिओवर लिहिलेलं. पुर्शांव हा शब्दही नको झाला होता त्यांना. त्यात जाऊ कुठेच नाही. मी ताट हातात घेतलं नाही. म्हटलं, "थोरल्या काकीच्या दारात जा, हाताला धरून तिला दर्यावर ने, मग ये."

"आज? माका काम आसा."

"मगे ताट घेऊन जा."

गेला.

मी कमिटीला कळवून टाकलं: पुढच्या फेस्ताला खुरूस मी धरणार, आणि जाऊ चालेल तसा तो चालेल. बायकांनी खुरूस धरायची रीत नाही, म्हणाले. रीत! तुम्ही मला रीत सांगता?