मावशीची मानलेली लेक

रत्नागिरीत नुसतं मावशी म्हटलं की आता कोणती, असं कुणी विचारत नाही. रोज सकाळी ती मोबाइलवर दिसते. पांढरी सुती साडी, ठसठशीत कुंकू, मागे तुळस. सुनांनी कसं वागावं, आईची माया कशी असते, ते सांगते. बायका तिला हळदीकुंकवाला बोलावतात. बंदराकडच्या उतारावर तिचं दुमजली घर होतं आणि तिथे ती बाहेरगावच्या मुली ठेवून धंदा चालवायची, हे सगळ्यांना ठाऊक आहे. पोलिसांनी ते घर बंद केलं, ती तुरुंगात जाऊन आली, मग एका चॅनेलवर रडली. लोकांना ते रडणं आवडलं. मला ती बाई पहिल्यापासून डोळ्यांसमोर नको असायची.

माझं छोटं पार्लर आहे. माझ्याकडे काम करणारी मुलगी त्याच घरातून पळालेली. कामाला लागतानाच तिने मला हे सांगितलं होतं. लग्नाआधी नवऱ्यालाही सांगितलं होतं. दोघं मालगुंडला सासूजवळ राहायची; सासूला मात्र काही माहीत नव्हतं.

एका कार्यक्रमाआधी मावशी मेकअपला आली. खुर्चीत बसली आणि आरशात तिला ही मुलगी दिसली. हिच्या हातातला ब्रश तसाच थांबला. मावशीने मोबाइल काढून समोर धरला आणि हिला कमरेला धरून जवळ ओढलं.

"ही माझी मानलेली लेक हो. नरकातून बाहेर काढली मी हिला. आज बघा, स्वतःच्या पायावर उभी आहे."

"मावशी, तो बंद करा," ही म्हणाली.

"अगो, लाजतेस काय?"

मी मोबाइलवर हात ठेवला आणि मावशीला जायला सांगितलं. ती अर्ध्या मेकअपने उठली, हसत गेली. संध्याकाळपर्यंत तो व्हिडिओ गावभर फिरला होता.

मालगुंडला सासूने तो शेजारणीच्या मोबाइलवर पाहिला. ती भांडली नाही. सुनेने वाढलेलं ताट तिने बाजूला सारलं आणि स्वतःच्या हाताने वाढून घेतलं. असं आठवडाभर चाललं. शेवटी नवऱ्याने रत्नागिरीत खोली घेतली आणि दोघं सामान घेऊन निघून आली.

मग आम्ही तिघं मावशीकडे गेलो. तिने चहा ठेवला. कुणी घेतला नाही.

"व्हिडिओ काढून टाका," नवरा म्हणाला. "माझी बायको तुमची लेक नाही. ती तुमच्याकडून पळाली होती."

"पळाली कसली? मी सोडली म्हणून गेली," मावशी शांतपणे म्हणाली. "आणि बाय, त्याच्याखाली लोकांनी काय काय लिहिलंय ते वाच जरा. किती आशीर्वाद दिलेत तुला. आपण दोघी बसून अजून एक करूया."

इतका वेळ ही खाली बघत होती. आता तिने मान वर केली.

"मावशी, तुमच्याकडे आमच्या खोलीला आतून कडी नव्हती. बाहेरून होती. ती तुम्ही लावायचात. जेवण झालं की स्वतः येऊन लावायचात. मी सोडल्यावर गेले नाही. कौलं काढून गेले."

मावशीने मोबाइल घेतला, चष्मा लावला आणि आमच्यासमोर व्हिडिओ काढून टाकला. मला वाटलं, लाजली. बाहेर पडल्यावर मी तसं म्हणालेही. ही म्हणाली, "नाही ताई. ती ऐकत होती."

काही दिवसांनी एक गिऱ्हाईक भुवया कोरायला आलं. आदल्या दिवशी मावशीचं भाषण ऐकून आलेली बाई. खुर्चीत बसल्या बसल्या तिचे डोळे भरून आले.

"काय सोसलंय हो त्या मावशीने. म्हणाल्या, तरुणपणी मला ज्या खोलीत ठेवलं होतं, तिला आतून कडीच नव्हती. बाहेरून होती. एका रात्री कौलं काढून पळाले. अख्खा हॉल रडत होता."

मी काहीतरी बोलणार होते. माझ्याकडच्या मुलीने हाताने मला थांबवलं. दोरा दातात धरला आणि त्या बाईला म्हणाली, "डोळे पुसून घ्या, कातडी ताणून धरा." दोन्ही भुवया तिने नेहमीसारख्याच सारख्या केल्या. बाई गेल्यावर ती मागच्या मोरीत गेली आणि बराच वेळ नळ सोडून उभी राहिली.

मावशी आता एसटी स्टँडजवळच्या पार्लरमध्ये जाते. त्यांनी दारावर तिचा मोठा फोटो लावलाय.