विहीर असलेल्यांना फी माफ नाही

ज्या कचेरीत माणसाला "उद्या या" म्हणतात, तिथं किस्से साचत जातात. पहिल्याच दिवशी काम झालं तर माणूस भाकरीचं फडकं झटकून घरी जातो. त्याच्याकडं सांगण्यासारखं उरतंच काय? मी एका वर्षात तहसील, कॉलेज आणि तलाठ्याची खोली असे तीन वऱ्हांडे एवढे झिजवले, की पुढं बायका पापड लाटायला बसल्या की म्हणायच्या, "आत्या, वऱ्हांड्यातला एक होऊन जाऊ द्या!" मला सही येत नाही, अंगठा आहे. पण कोण काय बोललं ते मी विसरत नाही.

तेव्हा लातूर नुकताच नवा जिल्हा झाला होता आणि पावसानं आमच्याकडं पाठ फिरवली होती. आमचं गाव शिरूर अनंतपाळच्या बाजूला. माझी नात कांता बारावी पास होऊन लातूरच्या एका खाजगी कॉलेजात लागली. तिथं गरिबाच्या लेकराची फी सरकार भरायचं. पोरं त्याला ईबीसी म्हणायची. आईबापाचं उत्पन्न सरकारनं आखलेल्या रेषेच्या आत पाहिजे, एवढीच अट. पण ती कागदावर सिद्ध करायची म्हणजे लग्न जमवण्यापेक्षा अवघड!

कॉलेज दिवाळीपर्यंत थांबायला तयार होतं. कांताचा बाप म्हणजे माझा लेक दत्तू, पाझर तलावाच्या दुष्काळी कामावर माती वाहत होता. तो म्हणाला, "माय, दिवाळीपर्यंत सवलत आली तर शिकू दे. न्हाई तर कांतीला घरी आणायचं आन् औशाच्या स्थळाला होकार कळवायचा."

औशाचं स्थळ वाईट नव्हतं. पण कांता "आज्जी, मला शिकायचंय" एवढंच बोलली आणि भरल्या ताटावरून उठली. दत्तूला कामावर खाडा करता येत नव्हता. मग पिशवीत भाकरी बांधून मीच निघाले.

*

पहिला कागद रहिवासी दाखल्याचा, तो तहसीलात. जिल्हा इतका नवा होता की साहेबाला खुर्ची आली होती, टेबल यायचं होतं. साहेब मांडीवर फाईल ठेवून सही करायचे.

तिथल्या बाबूनं कांताचे शाळेचे कागद बघितले. त्यावर सगळीकडं जुना जिल्हा, उस्मानाबाद.

"आज्जी, हे तर दुसऱ्या जिल्ह्याचे कागद. तुम्ही लातूर जिल्ह्यात राहायला कधी आलात?"

मी म्हटलं, "आमी कुठं आलोत बाबा? आमी घरीच व्हतो. जिल्हाच आमच्याकडं आला!"

बाबू हसला, मांडीवरच्या फायलीवर ठप्पा मारला आणि म्हणाला, "उद्या या."

*

तहसीलच्या वऱ्हांड्यात शिवाप्पा भेटायचे. मूळचे उदगीरकडचे, लातूरच्या बाजारात त्यांचं कापडाचं दुकान. त्यांचा पोरगा कांताच्याच वर्गात. दुष्काळात धंदा बसला होता हे खरं, पण सवलतीच्या रेषेखाली येण्याइतका काही बसला नव्हता.

शिवाप्पांनी एक शक्कल काढली. दुकानातला हमाल मारुती, त्याचं ठिगळाचं धोतर आणि उसवलेला सदरा स्वतः घातला. आता मारुतीनं काय घालावं? तो काय उघडा येणार? म्हणून त्याला स्वतःचं परीटघडीचं धोतर, कोट आणि काळी टोपी दिली. कागदाची पिशवी धरायला तोच बरोबर.

दोघं आत गेले. बाबू मारुतीला बघून उठून उभाच राहिला. "या शेठजी, बसा! तुमच्या या माणसाला बाहेर थांबू द्या."

आणि मारुती बसला की हो खुर्चीत! टोपी काढून मांडीवर ठेवली, पायावर पाय टाकला.

शिवाप्पांनी थोडा वेळ सोसलं. मग बाबूनं मारुतीसाठी चहा सांगितला, तेव्हा मात्र त्यांना राहवेना. "अय्यो, ऊठ की रे! मालक मी हाय, मी!"

बाबूनं शांतपणे पेन उघडलं. "बरं मालक, मग उत्पन्न किती लिहू?"

मारुतीला मी नंतर विचारलं, "तू लगेच का उठला न्हाईस रे?" तो म्हणाला, "आत्या, चहा यायचा व्हता."

*

वऱ्हांड्यातली माझी खरी सोबतीण म्हणजे यशोदाबाई. माहेर उमरीचं, आमच्या शेजारच्या गावात दिलेली, घर बौद्धांचं. तिची लेक आणि माझी कांता एकाच खोलीत राहायच्या. आम्ही दोघी तिच्या चटणीशी माझी भाकरी खायचो आणि उरलेल्या जगाला नावं ठेवायचो.

कॉलेजचे हेडक्लार्क स्वामी. माणूस सज्जन, पण रकाना रिकामा दिसला की त्यांना झोप येत नसे. त्यांनी यशोदाबाईला विचारलं, "जात?"

"बौद्ध."

"तो धर्म झाला, बाई. जात सांगा. स्कॉलरशिपला लागते."

"ती माझ्या सासऱ्यानं छप्पन सालीच टाकून दिली, साहेब. टाकलेली वस्तू आता घरात कुठं हुडकू?"

स्वामींनी पेन कानाला लावलं. मग उठून प्रिन्सिपलकडं गेले, बऱ्याच वेळानं परत आले. "जमलं बाई. 'नवबौद्ध' लिहायचं. चालेल?"

यशोदाबाई म्हणाली, "लिवा, तुमच्या सरकारला बरं वाटत असंल तर. पण पंचवीस वर्षं उलटून गेली, अजून नवेच का आमी? नवी सून बी पाळणा हलला की जुनी व्हती!"

स्वामी इतके हसले की त्यांना चष्मा पुसावा लागला. तिचं काम मात्र त्या दिवशीच झालं. यशोदाबाईनं जाताना माझा हात दाबला. "आक्का, माझं झालं. आता तुझ्या कांतीचं झाल्याबिगर मी चटणी खाणार न्हाई." मी म्हटलं, "मग मी कोरडी भाकर खाऊ व्हय?"

*

माझी थोरली बहीण गयाबाई भोकरला दिलेली. तिचा हा किस्सा. ती सांगते तसा मला जमत नाही, तरी सांगते.

तिचा नातू नांदेडला खाजगी कॉलेजात. त्याचं उत्पन्नाचं ठीक होतं, पण सवलतीला हजेरीही लागायची. पोरगा तासाला दिसेना. कॉलेजनं पालकाला बोलावलं. गयाबाई गेली.

प्रिन्सिपल चिडलेले. "तुमचा नातू पंधरवड्यात कॉलेजकडं फिरकला नाही!"

"फिरकला न्हाई? रोज येतो की. दिस उगवायला येतो, दिस बुडाल्यावर जातो."

"आजीबाई, खोटं बोलू नका."

गयाबाई उठली आणि त्यांची खिडकी उघडली. "ते बघा, डोक्याला उपरणं बांधलेला. तुमच्या फाटकापुढचा रस्ता करून राह्यलाय."

खरंच, दुष्काळी कामावर पोरगा कॉलेजच्या दारातच खडी फोडत होता! प्रिन्सिपल खिडकीपाशी येऊन वाकून बघू लागले. गयाबाई म्हणाली, "एवढ्या जवळनं हाजिर असणारा पोरगा तुमच्याकडं दुसरा कोण हाय, सांगा!"

*

आता आमचं. आमच्या जमिनीत एक विहीर. सासऱ्यांच्या काळात मोट चालायची तिच्यावर. तलाठ्यानं सातबारा बघितला आणि मान हलवली.

"विहीर आहे म्हणजे बागायत. बागायत म्हणजे उत्पन्न जास्त. कांता सवलतीत बसत नाही."

"आरं बाबा, विहिरीत पाणी न्हाई!"

"कागदावर विहीर आहे. कोरडी आहे असं कुठं लिहिलंय? मोठ्या साहेबांनी येऊन बघितलं पाहिजे."

मोठा साहेब म्हणजे सर्कल साहेब. आम्ही अजून निजामाच्या वेळचं गिरदावरच म्हणतो. मी अर्जावर अंगठा दिला. भादव्यातल्या एका भर दुपारी गिरदावर साहेब जीपमधून आले. नाकाडोळ्यांवर धूळ, सदरा भिजून पाठीला चिकटलेला.

आमच्या गावात टँकर यायचा. आला तर आला. पण दारात माणूस आला की आधी पाणी, मग गोष्टी, ही आमची रीत. त्यातून कांताच्या फीचं काम! शेजारच्या सोनाबाईनं तिची साठवलेली कळशी आणून दिली. कुणी पाय धुवायला बादली आणली. सरपंचाच्या घरून लिंबाचं सरबत आलं. साहेबांनी तोंड धुतलं, पाय धुतले, दोनदा चहा घेतला. ड्रायव्हर म्हणाला, इंजिन तापलंय. मग एक घागर जीपला!

साहेब अगदी खुश झाले. "असा पाहुणचार लई दिवसांनी झाला बघा, आज्जी." मी म्हटलं, "साहेब, आता विहीर बघायला चला." ते म्हणाले, "कशाला उन्हात? गाव बघितलं ना."

आठवड्यानं कागद आला. सुट्टीला गावी आलेल्या यशोदाबाईच्या लेकीनं वाचून दाखवला. "गावात पाण्याची टंचाई दिसून आली नाही. विहीर चालू असावी. सवलतीस अपात्र."

दत्तू कामावरून आला तो मातीनं भरलेला. कागद ऐकून ओसरीवर बसला. "माय, साहेबाला पाणी पाजलं का तू?"

"हाव."

"किती?"

"सगळं," मी म्हटलं.

*

त्याच सुमारास कॉलेजात संस्थेचे अध्यक्ष आले. मांडव, हार, लाऊडस्पीकर. कांताचा गळा गोड, म्हणून स्वागतगीत तिच्याकडं. मी मागं बायकांत बसले होते. अध्यक्ष म्हणाले, "आमच्या संस्थेत फीअभावी एकही लेकरू घरी जाणार नाही!" टाळ्या काही थांबेनात. मीही वाजवल्या.

बाहेर आलो तर बोर्डावर नवा कागद. कांतानं वाचून दाखवला. ज्यांची सवलत नामंजूर, त्यांनी दिवाळीच्या आत फी भरावी, नाही तर नाव कमी होईल. पहिलंच नाव कांताचं.

स्वामी तिथंच उभे होते. मी विचारलं, "स्वामीसाहेब, गाण्यापुरती पात्र व्हती व्हय माझी नात?"

स्वामींनी मान खाली घातली. मग हळूच म्हणाले, "आज्जी, विहीर दाखवा. ओसरी दाखवू नका."

*

मी पुन्हा गिरदावर साहेबांच्या कचेरीत गेले. ते म्हणाले, "अहवाल गेला. आता काय?" मी म्हटलं, "साहेब, पोरीचं नाव कटून राह्यलंय. तुम्ही गाव बघितलं, विहीर न्हाई बघितली. एकवार बघा, मग काय वाटंल ते लिवा." माणूस वाईट नव्हता. "येतो," म्हणाले.

गावात ठरलं, या वेळी कुणी पाणी द्यायचं नाही. ठरवणं सोपं असतं. सोनाबाई म्हणाली, "माझा हात आपसूक घागरीकडं जाईल. मी आपली कडी लावून घरात बसते." आणि खरंच बसली.

दिवाळी तोंडावर आलेली, तरी ऊन वैशाखासारखं. साहेब आले, ओसरीवर टेकले. रुमालानं मान पुसली. इकडं बघितलं, तिकडं बघितलं. कुणी हलेना. सोनाबाईच्या दाराआडून बांगड्या वाजल्या तेवढ्याच.

शेवटी ते म्हणाले, "आज्जी, थोडं पाणी मिळेल का?"

आयुष्यात पहिल्यांदा मी पाणी मागणाऱ्याला लगेच हो म्हटलं नाही. म्हटलं, "चला साहेब, विहिरीवरच. तिथंच शेंदा."

मी दोर, बादली आणि माझी पिशवी घेतली. शेताच्या ढेकळांतून मी पुढं, साहेब मागं. विहिरीवर मी दोर त्यांच्याच हातात दिला. त्यांनी बादली सोडली. दोर जात राहिला, जात राहिला. मग खालून खडकावर ठण्णकन् आवाज आला आणि कपारीतले पारवे फडफडत त्यांच्या तोंडावरून वर गेले.

साहेबांनी बादली ओढून घेतली. आत बघितलं. वाळक्या काड्या आणि एक पीस.

ते विहिरीच्या काठावर बसले, मांडीवर कागद घेतला आणि लिहिलेलं मला वाचून दाखवलं. "विहीर पूर्ण कोरडी. जमीन जिरायत धरावी. सवलतीस पात्र." खाली सही केली. पेनाला टोपण लावलं.

मग मी पिशवीतून फिरकीचा तांब्या काढला, झाकण उघडलं आणि त्यांच्यापुढं धरला. गार पाणी, काठोकाठ.

त्यांनी घटाघटा निम्मा तांब्या संपवला. मग थांबून माझ्याकडं बघितलं.

"आज्जी, पाणी होतं की जवळ!"

"व्हतं की."

"मग मगाशी घरी मागितलं, तेव्हा का नाही दिलं?"

"मागल्या खेपेला दिलं व्हतं, साहेब. तुम्ही ते पिलं बी आन् लिवलं बी!"