सुलू चुरी आणि तामोऱ्यांचं कार्ड

बोईसरच्या कामगार दवाखान्यात कॉम्प्युटर आला तेव्हा लोकांनी नारळ फोडला, त्याच्या काचेला हळदकुंकू लावलं, पेढे खाल्ले आणि मग त्याच्याकडे पाठ फिरवली. औषधांच्या खिडकीमागे एका कोपऱ्यात तो प्लास्टिकच्या झगल्याखाली बसून राहिला. त्याच्याजवळ जाऊन बसली ती एकटी सुलू चुरी.

सुलू माकुणसारची, वाडीवाल्यांच्या घरातली. घरी पानवेलींचे मळे. लहानपणी दुपारभर आईबरोबर पानं लावत बसायचं. टोपलीत एक डागाळलेलं पान चुकून गेलं तर मुंबईला पोचेपर्यंत अर्धी टोपली काळी पडते, म्हणून प्रत्येक पान उलटून पाहायचं. ती सवय बोटांतून गेली नाही. फार्मसीचा डिप्लोमा करून ती सत्तरच्या दशकात या दवाखान्यात लागली. तेव्हा औषधं म्हणजे गुलाबी मिक्श्चर आणि बाटलीवर चिकटवलेली, डोसांच्या खुणांची कातरलेली कागदी पट्टी. सुलूच्या हातची पट्टी कधी वाकडी गेली नाही. लग्नाचं कोणी काढलं तर ती म्हणायची, "बघू या," आणि पुढच्या माणसाची चिठ्ठी हातात घ्यायची. अशी वर्षं गेली. सालवडला भाड्याच्या खोलीत ती राहायची, खिडकीतून कारखान्यांचा पिवळट धूर दिसायचा, आणि त्या धुराखाली खोकणारी निम्मी माणसं तिला नावानिशी ठाऊक होती.

कॉम्प्युटरवरचा औषधांचा प्रोग्राम बसवायला कारखान्याच्या हिशेब खात्यातला कमलाकांत यायचा.

"सोपं आहे, सुलूताई. कार्डाचा नंबर टाका, औषध टाका, काम संपलं."

"आणि ते घेतलं कोणी?"

"कार्डवाल्यानं."

"कार्डाला ताप येत नाही, कमलाकांत. माणसाला येतो."

कमलाकांतनं कपाळावर हात मारला, पण प्रोग्राम बदलला. कार्डाखाली घरातल्या प्रत्येक माणसाचं वेगळं पान. प्रत्येक पानावर कोणतं औषध, किती, कधी नेलं आणि वेळेआधी नेलं तर का. मग सुलूनं कपाटातल्या जुन्या चिठ्ठ्यांचे गठ्ठे काढले. खिडकी बंद झाली की एक एक चिठ्ठी सोडवून ती मागची दोन वर्षं त्या हिरव्या अक्षरांत भरत बसायची. मलमपट्टीचा ड्रेसर मारुती जाता जाता टोमणा मारायचा, "ताईंचं जमलं एकदाचं. नवरा बोलका नाही, पण स्थिर आहे."

"तुझ्यापेक्षा बरा," सुलू मान वर न करता म्हणायची. "विचारलं तेवढंच सांगतो."

तिनं हे कशासाठी मांडलंय ते कोणालाच नीट कळत नव्हतं. तिलाही शब्दांत सांगता आलं नसतं. माणूस दवाखान्यातून बाहेर पडला की त्याचं औषध त्याच्याबरोबर अंधारात जातं, आणि त्या अंधारात कुठंतरी एक पणती असावी, एवढंच तिला वाटायचं.

चौऱ्याण्णव साली, पाऊस सरल्यावर, एका दुपारी केळव्याशेजारच्या माहीमहून टेम्पोत घालून हिरा तामोरेला आणलं. कोळीण, साठीच्या आसपासची. मुलगा एकनाथ कारखान्यात, म्हणून कार्ड इथलं. नवरा पुंडलिक महिन्याभरापूर्वी छातीत कळ येऊन गेला होता. दहावं झाल्यापासून हिरा खात नव्हती, ओकत होती, उभी राहिली की डोळ्यांपुढे अंधारी. आळीतल्या बायका म्हणाल्या, नवऱ्याच्या मागं चालली. आज ती चुलीपुढेच कोसळली होती.

डॉक्टर दिनानाथ वर्तक दुपारभर तिच्या खाटेपाशी होते. हुशार, सावध माणूस. न पटलेली गोष्ट ते पटल्यासारखी दाखवत नसत. ते औषधांच्या खिडकीशी आले.

"सुलूताई, सलाइनवर सलाइन चाललंय, पण रक्तदाब वर येत नाही. जंतूंची लागण दिसत नाही, हृदयही ठीक. नुसत्या दुःखानं माणूस असा विझत नाही. मागं काय काय औषधं घेत होती ते काढा. सगळं. लवकर."

सुलूनं हिराचं पान उघडलं. लोहाच्या गोळ्या. एकदा खोकल्याचं औषध. डोळ्यांत घालायचे थेंब. बस्स.

"काहीच नाही," डॉक्टर म्हणाले, आणि परत खाटेकडे गेले.

सुलूनं पान मिटलं नाही. त्याच कार्डाखाली तिनं पुंडलिकचं पान उघडलं. मेलेल्या माणसाचं पान अजून तसंच होतं. जुनाट दमा, दम्यावर स्टेरॉइडच्या छोट्या पांढऱ्या गोळ्या, रोज ठरलेल्या. तिनं नेल्याच्या तारखा खालपासून वरपर्यंत वाचल्या, मग परत वाचल्या. महिन्याच्या गोळ्या महिना अर्धा होईपर्यंत पुन्हा नेलेल्या. दोन वर्षं, असंच. वेळेआधी का, त्या रकान्यात: होडीत भिजल्या. डबी सांडली. भरतीच्या पाण्यात गेल्या. आणि दिल्याची सही कधी दुसऱ्या कोणाची, पण बऱ्याचदा सु. चु.

चिठ्ठ्या सुट्या होत्या तोवर प्रत्येक वेळी ते खरंच वाटलं होतं. समुद्रावरची माणसं, भिजणारच. आता सगळ्या भिजलेल्या डब्या एकाखाली एक उभ्या राहिल्या. या घरात पुंडलिकच्या बरोबरीनं आणखी कोणीतरी त्या गोळ्या खात होतं. आणि पुंडलिकचं पान थांबलं तशा त्या माणसाच्याही थांबल्या. अशा गोळ्या वर्षानुवर्षं खाऊन एकाएकी बंद केल्या तर शरीर आतून खाली बसतं.

पण खाणारी हिराच, हे मशीन सांगत नव्हतं. मुलगा असेल, शेजारी असेल. सुलू उठली.

सून शकू बाहेर पायरीवर बसली होती. सुलू तिच्या शेजारी जाऊन टेकली.

"शकू, तुझ्या सासऱ्यांच्या गोळ्यांची डबी कुठंय?"

शकू चमकली. "कशाला? कार्ड बंद करणार काय? साहेबांनी विचारलंय?"

"कार्डाचं कोणी विचारलं नाही. सासूसाठी विचारतेय."

"खाडीत टाकली. दहाव्याला. आमच्यात मयताचं हातरूण, काठी, सगळं ओहोटीला सोडतात. डबी मीच टाकली. घरात ठेवली तर आत्मा घोटाळतो त्यात."

"सासू काय बोलली?"

"बोलली काय नाय. नुसती बघत होती. पाण्याकडे."

"तिचे गुडघे कसे असतात?"

"ते दोन वर्सांपूर्वी बरे झाले की! आदी टोपली उचलायला दोघी लागायच्या, मंग एकटी माहीमपासून केळव्याला जायची. चेहरा पन भरला. आमी चिडवायचो, सासूबाय, तुमी तर पापलेट झाल्या." शकू हसायला गेली आणि तिनं सुलूचा हात धरला. "ताई, मरल काय वो ती?"

सुलू तिथून धावली नाही, पण मारुतीनं पुढे सांगितलं, की तिला तेवढ्या झपाझप चालताना त्यानं कधी पाहिलं नव्हतं.

हिरा डोळे मिटून पडली होती. सुलूनं तिच्या कानाशी तोंड नेलं. गोळ्या खाल्ल्या का असं तिनं विचारलं नाही. तिनं विचारलं, "हिराबाय, गुडघे परत दुखायला लागले ना?"

हिराचे डोळे उघडले.

"तुला कोनी सांगितलं?"

"कोणी नाही. दुखतायत ना?"

"लय." ओठ हलले, सुकलेल्या मासळीसारखे. "म्हाताऱ्याची एक गोळी खाल्ली होती. उठून चालाया लागले. मंग रोज."

सुलूनं मागे पाहिलं. डॉक्टर खाटेच्या पायाशी उभे होते. पुंडलिकच्या दम्याची गोळी कोणती ते त्यांना ठाऊक होतं; पुढचं सांगावं लागलं नाही. "हा गोल चेहरा," ते स्वतःशी म्हणाले, "आणि दंडावरचे हे काळेनिळे डाग," आणि सिस्टरला त्यांनी स्टेरॉइडच्या इंजेक्शनचं नाव ओरडून सांगितलं. दिवेलागणीला हिराची नाडी बोटाला लागू लागली. दुसऱ्या सकाळी ती भिंतीला टेकून बसली.

इथं गोष्ट संपायला हरकत नव्हती. दवाखान्यातल्या बऱ्याच गोष्टी इथंच संपतात. डॉक्टर एकनाथला ओरडले, घरातल्या घरात औषधं वाटून खाण्यावर. कार्ड राहिलं. पण इंजेक्शनं थांबवून गोळ्या द्यायची वेळ आली तेव्हा हिरानं तोंड मिटून घेतलं. तीच गोळी आता बरेच महिने, हळूहळू कमी करत, घ्यायची होती. नाहीतर ती पुन्हा तशीच कोसळली असती. सिस्टरनं समजावलं, डॉक्टर रागावले, एकनाथ रडला. हिरा भिंतीकडे पाहत होती.

"आई, अगं का नाय खात?" एकनाथ म्हणाला.

"माझा जीव हाय. मी बघन."

सुलू आली, तिनं सगळ्यांना बाहेर काढलं आणि खाटेवर बसली. गोळीचं नावही काढलं नाही. शेवटी हिराच बोलली.

"त्याच्या तोंडातलं काढून मी खाल्लं. त्याचा श्वास मी खाल्ला, माझ्या गुडघ्यांपायी. म्हनून गेला तो. आता तीच गोळी परत गिळू?"

"डॉक्टर म्हणाले ना, हृदयानं गेले."

"डॉक्टरला काय म्हायती, आमच्या डबीत काय होतं."

हे खरं होतं. डॉक्टरांना माहीत नव्हतं. सुलूनं हिराला चाकाच्या खुर्चीत घातलं आणि ढकलत औषधांच्या खोलीत, कॉम्प्युटरपुढे नेलं. हिरवी अक्षरं पाहून हिरानं पदर सावरला, जणू आत कोणी परका पुरुष बसला होता.

"मला वाचता येत नाय."

"वाचायचं नाहीये. तुला वाटे घालता येतात ना?"

हिरानं मान वर केली. उभा जन्म किनाऱ्यावर गेलेल्या बाईला हा काय प्रश्न झाला! होडी लागली की मालकाचा वाटा, जाळ्याचा वाटा, खलाशांचा वाटा. तिच्या डोळ्यांदेखत एक बोंबील इकडचा तिकडे झाला नव्हता.

सुलूनं ड्रॉवरमधून मिक्श्चरच्या बाटल्यांची जुनी बुचं काढून टेबलावर ओतली. "एक बूच म्हणजे एका पंधरवड्याच्या गोळ्या. मी वाचते. तू वाटे घाल. एक त्यांचा, एक तुझा. त्यांना रोज लागायची ती आधी त्यांच्या वाट्याला. उरेल ती तुझ्या."

ती पुंडलिकचं पान खालून वाचू लागली. दोन वर्षांपूर्वीची दिवाळी. नेल्या. मग लगेच पुन्हा, डबी सांडली म्हणून. हिराचा हात सवयीनं चालू लागला. बूच इकडे, बूच तिकडे. संक्रांत. होळी. जाळी बंद असतानाचे महिने. नारळी पुनव. सुलू वाचत होती त्या नुसत्या तारखा होत्या, पण हिरा प्रत्येक तारखेला काही आठवत होती, ते चेहऱ्यावर दिसत होतं. टेबलावर दोन ओळी वाढत गेल्या. पुंडलिकची ओळ कुठंच तुटली नाही.

एका ठिकाणी हिराचा हात अडला.

"हे काय वाचलंस?"

"माघ. होडीत भिजल्या, म्हणून परत नेल्या."

"त्या खरंच भिजलेल्या." हिरानं आपल्या ओळीतलं बूच उचललं आणि बाजूला ठेवलं. "तेवा मला नाय उरल्या. सगळ्या त्यालाच दिल्या. मी पंधरा दिस भिंत धरून चालले." मग म्हणाली, "दोन दिस तर वकत होते. शकूला वाटलं, शिळं म्हावरं खाल्लं."

त्या पंधरवड्यातही ही बाई अशीच जाऊ शकली असती, कोणाला न कळता. सुलू शेवटच्या तारखेपर्यंत वाचत गेली.

हिरानं नवऱ्याच्या ओळीवरून बोट फिरवलं, पहिल्या बुचापासून शेवटच्यापर्यंत, मग उलट. बाजार उठायच्या आधी वाटा शेवटचा तपासावा तसं. तिच्या स्वतःच्या ओळीत एक जागा रिकामी होती. त्याच्या ओळीत नव्हती.

"त्याचा वाटा पुरा हाय," ती म्हणाली.

"पुरा आहे."

"तुझं मशीन खोटं नाय ना बोलत?"

"मी भरलंय त्यात. एकेक चिठ्ठी."

हिरानं पदरानं नाक पुसलं आणि उजवा हात उघडून पुढे केला.

"आन. पन ही माझ्या नावावर लिव. त्याच्या नाय."

सुलूनं गोळ्यांची नवी पट्टी फाडली, एक गोळी तिच्या तळहातावर ठेवली, आणि हिरा तामोरेच्या पानावर त्या गोळीची पहिली नोंद करायला वळली.