चार नंबरची गादी

सगळ्या औरंगाबादेला रात्री झोप लागते ती केवळ आपल्यामुळे, याबद्दल आमच्या पिंजारीचाचांना कधीच शंका नव्हती. पोलीस ॲक्शननंतर दोन-तीन वर्षांनी मी लग्न होऊन या गावात आले आणि शाळेत इंग्रजी शिकवू लागले, तेव्हापासून त्यांना पाहत आले. पाऊस उघडला की माणसाएवढी धुनकी खांद्यावर टाकून ते हर्सूलहून चालत येत. नातवंडांनो, तुम्ही धुनकी पाहिलेली नाही. जाड तात ओढून बांधलेलं मोठं लाकडी धनुष्य असतं ते. ती तात कापसात धरून लाकडी ठोकळ्याने वाजवली की वर्षभर माणसांच्या ओझ्याखाली दबलेला कापूस उडून मोकळा होतो. फाटकापाशी आले की चाचा एकदाच तात वाजवत आणि थांबत. हाक मारणं त्यांना कमीपणाचं वाटे.

गच्चीवर बैठक मारली की एक गादी पुरी होईपर्यंत पाण्याचा घोटसुद्धा घेत नसत. मात्र त्याआधी गादीची शिवण उसवून मूठभर कापूस नाकाशी धरायचा आणि त्या घरातली यच्चयावत बातमी सांगून टाकायची, हा त्यांचा रिवाज होता. शेजारच्या वकीलसाहेबांच्या गादीवर त्यांनी असाच निकाल दिला : "वकीलसाब रातभर कूस बदलतेत. ह्यो खटला काय जितत नाय." वकीलसाहेब खटला खरोखरच हरले आणि त्यांनी चाचांना फाटकात पाऊल टाकायची बंदी केली. तिसऱ्या वर्षी पाठ धरली तेव्हा टांगा पाठवून बोलावून घेतलं. चाचा टांग्यात धुनकी ठेवून स्वतः शेजारून चालत आले, कारण अशा कामाला बसून जाणं बरं दिसत नाही.

दोन माणसांचा कापूस त्यांनी जन्मात एक केला नाही. "मिसळला, तर नींद कुणाची आन् ख्वाब कुणाचे, कसं कळावं?" हे त्यांचं म्हणणं. मला वाटलं, निदान इथे तरी आमचं जमेल. मी प्रत्येक गादीच्या कोपऱ्यावर लाल दोऱ्याने आकडा भरलेली पट्टी शिवली आणि वहीत यादी केली. एक नंबर सासूबाई, दोन तुमची आई, तीन मी, चार तुमचे आजोबा. चाचांनी पट्टी बोटाने उचलून पाहिली. "नंबर आमच्या हर्सूलच्या जेलात देतेत, मास्तरीणबाई. गादीनं काय गुन्हा केला?"

तुमचे आजोबा गेले, तेव्हा रिवाजाप्रमाणे त्यांचं अंथरूण कुणाला तरी देऊन टाकायला हवं होतं. माझ्याच्याने ते झालं नाही. ते आयुष्यभर डाव्या कुशीवर झोपले आणि गादीला त्यांचा तसा खळगा पडला होता. त्या खळग्यासकट चार नंबरची गादी मी मागच्या खोलीत त्यांच्या पलंगावर तशीच ठेवली. दरवर्षी मी शाळेला निघाले की चाचा विचारत, "चार नंबर?"

"राहू द्या."

"कापूस मरतो, बाई."

"मरू द्या."

शाळेतून आले की चप्पल काढायच्या आधी मी त्या खळग्यावर हात ठेवून येई. जसाच्या तसा. एका वर्षी कोपऱ्यावरची पट्टी उलटी दिसली, तेव्हा कामवालीला विनाकारण बोलले.

अशी अकरा वर्षं गेली. पुढे तुमची आई तिकडे परदेशी गेली आणि तुमच्यातलं पहिलं यायचं ठरलं. बाळाच्या रजईसाठी मी नवा, पांढराशुभ्र कापूस आणून ठेवला. चाचांनी तो बाजूला सारला.

"नवा कापूस बच्च्याला टोचतो. निजलेला पाहिजे. चार नंबर काढा."

"ते सोडून बोला, चाचा."

त्यांनी आपला उजवा हात पुढे धरला. तो थरथरत होता. "पुढल्या साली हा चालंल का नाय, ठाव नाय. मंग तुमी शहागंजात मशीनवर टाकणार. तिथं साहेब कुणाच्या उशीत जातील, पत्ता लागायचा नाय."

मी त्या दिवशी रजा घेतली आणि गच्चीवर खुर्ची टाकून बसले. खळगा एकदा शेवटचा पाहून घेतला. अकरा वर्षांत कापसाचे दगड झाले असतील, अशी मनाची तयारी केली होती. चाचांनी शिवण उसवली आणि कापूस उकळत्या दुधासारखा फुलून वर आला.

"चाचा, हा तर पिंजलेला आहे!"

ते सुईत दोरा ओवत राहिले. "दरसाल. तुमी शाळंत गेल्या की."

"आणि तो खळगा?"

"भरून झाली की तिच्यावर घटकाभर आडवा व्हायचो. डाव्या अंगावर. साहेब आन् मी एकाच मापाचे." दोऱ्याला गाठ मारून म्हणाले, "मला आदत उजव्या अंगाची. लई तरास व्हायचा, बाई."

म्हणजे अकरा वर्षं मी चाचांच्या वामकुक्षीवर हात ठेवून डोळे पुसत होते! मला रागवायचं होतं. तोंडातून निघालं ते एवढंच, "एकदा पट्टी उलटी शिवलीत."

"मला कुठं वाचता येतं?"

त्या कापसातून त्यांनी दोन छोट्या रजया केल्या. मी एकच सांगितली होती. "दुसरं आलं, तर त्यानं काय करायचं?" म्हणाले. त्या रजया तुम्ही दोघांनी ओढून, चावून, भिजवून फाडल्यात, असं तुमच्या आईने कळवलं. ऐकून चाचांना फार समाधान वाटलं असतं. पण रजया केल्या त्याच्या पुढच्याच वर्षी पाऊस उघडला, आणि मी शाळेची वेळ टळेपर्यंत फाटकाकडे कान लावून उभी राहिले. तात वाजली नाही.

उरलेल्या कापसाची गादी आता मीच घेते. डाव्या कुशीवर झोपते. खळगा पुन्हा पडू लागला आहे. तो नेमका कुणाचा म्हणायचा, याची नोंद मात्र मी वहीत केलेली नाही.